खाऱ्या मुलखातून कॅराव्हॅन

बाबांनी अ‍ॅडलेडला आमच्याकडं यायचं कबूल केलं, पण अट घातली. शहर दाखवू नका, शेतं दाखवा. बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात काळ्या मातीत कपाशी, तूर आणि हरभरा घेत ज्यांची हयात गेली, त्यांना समुद्रकिनारे आणि मॉल दाखवून काय उपयोग, हे मलाही पटत होतं. जुलैत गावाकडच्या पेरण्या आटोपलेल्या असतात आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शाळांना तेव्हाच दोन आठवड्यांची हिवाळी सुट्टी असते. तेवढ्या जुळणीवर बेत ठरला. नवरा, मी, बारा वर्षांची थोरली, सात वर्षांचा धाकटा आणि बाबा. गाडीमागे कॅराव्हॅन आणि तोंड उत्तरेला. फ्लिंडर्सच्या डोंगरांतून मरी नावाच्या गावापर्यंत जायचं, अ‍ॅडलेडपासून साधारण सातशे किलोमीटर.

कॅराव्हॅन म्हणजे इंजिन नसलेलं, चाकांवरचं घर. ते आपल्या गाडीच्या मागच्या हुकाला, म्हणजे टो-बॉलला जोडायचं आणि ओढत न्यायचं. इंजिनासकट एकच गाडी असते ती मोटरहोम, ती वेगळी. कॅराव्हॅन चालू असताना तिच्यात कुणालाही बसू देत नाहीत, कायद्यानंच बंदी आहे. प्रवास गाडीत, मुक्काम कॅराव्हॅनमध्ये. ओढायला वेगळा परवाना लागत नाही, साधा गाडीचा परवाना चालतो. पण हात बसायला वेळ लागतो. मागं घेताना चाक उलट फिरवावं लागतं, वळण मोठं घ्यावं लागतं आणि थांबायला जास्त अंतर लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं वजन. भरलेल्या कॅराव्हॅनच्या एकूण वजनापैकी साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा, असा ठोकताळा आहे. जड सामान तळाला आणि चाकांच्या वर ठेवायचं. शेपटाकडं वजन वाढलं की वेगात कॅराव्हॅन डावी-उजवी हेलकावे घेऊ लागते आणि तो हेलकावा गाडीलाही उलटवू शकतो. बाबांना हे एका वाक्यात कळलं. बैलगाडीत कडबा भरताना उलार आणि धुराव, म्हणजे मागचा-पुढचा भार, बघणारा माणूस तो. सामान रचायचं काम त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातून काढूनच घेतलं.

मुलांनाही कामं हवीत. नुसतं बसवून ठेवलं की ती कंटाळतात आणि मग सगळ्यांचाच प्रवास अवघड होतो. आमच्याकडं थोरलीनं मागं उभं राहून ब्रेकचे आणि वळणाचे दिवे लागतात का ते ओरडून सांगायचं, साखळ्या आणि खटका तपासायचा. धाकट्यानं पुढच्या छोट्या चाकाची मूठ फिरवायची. हे झाल्याशिवाय गाडी हलत नाही, हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं. मुलांसोबत असताना दिवसाला अडीचशे किलोमीटरपेक्षा जास्त जायचं नाही, प्रत्येक ठिकाणी निदान दोन रात्री राहायचं आणि दुपारी चारच्या आत मुक्काम गाठायचा, असं माझं ठाम मत आहे. चारचं कारण कांगारू. संध्याकाळ झाली की कांगारू चरायला रस्त्याच्या कडेला येतात आणि दिवा दिसताच कुठल्याही दिशेनं उडी घेतात.

आता पाणी. खरं तर या लेखात मला पाण्याबद्दलच सांगायचं आहे.

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरवाचं जंगल, दक्षिणेला पूर्णा नदी. मधला बराचसा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. हा पट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाडच्या जाड थर साचले, त्यात क्षार अडकले आणि पाण्याचा निचरा होईना. विहीर खोदा की बोअर घ्या, पाणी लागतं ते खारं. ते पिकाला दिलं की काळी माती घट्ट होते, चोपण होते. प्यायलं की तहान भागत नाही. आमच्या आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात किडनीच्या आजारानं किती घरं मोडली हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि गावोगावी बोट दाखवलं जातं ते या पाण्याकडंच. माझं लहानपण गोड्या पाण्याचा हंडा मोजून वापरण्यात गेलं. वान नदीवरच्या धरणाचं पाणी नळानं आलं तेव्हा गावातल्या बायकांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी विसरलेले नाही.

म्हणून कॅराव्हॅनचं जीवन मला परकं वाटलं नाही. आमच्या कॅराव्हॅनला पाण्याच्या दोन टाक्या आहेत. दोन्ही मिळून दोनशे लिटरच्या आतबाहेर. पाच माणसांचं पिणं, स्वयंपाक, भांडी, आंघोळ सगळं त्यात. नळ नसलेल्या मुक्कामी ते दोन-तीन दिवस पुरवायचं. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी भांड्यांच्या दोन पाट्या मांडल्या: एकीत घासणं, दुसरीत विसळणं, नळ बंद. आंघोळीला बादली आणि तांब्या. मुलांनी कुरकुर केली नाही, उलट पाण्याचा काटा किती उतरला हे बघणं हा धाकट्याचा रोजचा उद्योग झाला. शहरातल्या घरात मी कितीही सांगितलं असतं तरी हे त्यांच्या अंगी लागलं नसतं.

उत्तरेला निघालं की शंभर-सव्वाशे किलोमीटरवर लोकील गाव येतं आणि रस्त्याच्या कडेलाच बुम्बुंगा सरोवर. पाणी कमी-जास्त होईल आणि क्षार बदलतील तसा त्याचा रंग पालटतो. कधी गुलाबी, कधी पांढरा. आम्ही गेलो तेव्हा कडेला मिठाची साय धरली होती. सरोवरात कुणीतरी जुन्या टायरांचा राक्षस उभा केला आहे, मुलं तिकडं धावली. बाबा मात्र काठावर उकिडवे बसले, मिठाचा पापुद्रा नखानं उचलला आणि म्हणाले, “आपल्या वावरात बी हेच येते पोरी, पन असं डोयाले दिसत नाही.”

इथल्या शेतजमिनीतलं मीठ वर कसं येतं ते मी त्यांना सांगितलं. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी खोल मुळांची झाडं तोडून गहू पेरला. झाडं जमिनीतलं पाणी ओढून घ्यायची, गव्हाची मुळं तेवढी खोल जात नाहीत. मग भूजल वर चढत गेलं आणि हजारो वर्षांचं साठलेलं मीठ सोबत घेऊन आलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात या रोगानं फार मोठी जमीन गेली. उपाय म्हणून आता पुन्हा झाडं लावतात आणि खारवट जागेवर सॉल्टबुश नावाचं झुडूप लावून मेंढ्या चारतात. बाबांनी वाटेत तीनदा गाडी थांबवून सॉल्टबुशचं पान चाखलं.

क्लेअरच्या द्राक्षमळ्यांच्या उत्तरेला रस्त्यालगत एक जाड नळ दिसतो, टेकड्यांवरून चढत-उतरत जाणारा. मॉर्गन गावाजवळ मरे नदीतून पाणी उचलून व्हायला शहरापर्यंत नेणारी ही नळवाहिनी १९४४ साली पुरी झाली. लांबी सुमारे साडेतीनशे किलोमीटर. जहाजं आणि पोलाद बनवणाऱ्या शहरासाठी ती बांधली, पण वाटेतल्या कोरड्या गावांनाही त्याच पाण्यानं जगवलं. थोरलीनं विचारलं, नदी इतक्या लांब का नेली? तिच्या आजोबांनी तिला वानच्या पाण्याची गोष्ट सांगितली. मी गाडी चालवत ऐकत होते.

पुढं ऑरोरूच्या परिसरात रस्त्याकडेला गॉयडर रेषेची खूण आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकानं इथं थांबावं. जॉर्ज गॉयडर हा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा मुख्य सर्व्हेअर. १८६५ साली मोठा दुष्काळ पडला तेव्हा तो घोड्यावरून शेकडो मैल हिंडला आणि झाडझाडोरा बघून त्यानं नकाशावर एक रेषा ओढली. रेषेच्या दक्षिणेला शेती करा. उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, तिथं फक्त मेंढ्या. ती रेषा साधारण वर्षाला २५० ते ३०० मिलिमीटर पावसाच्या हद्दीवरून जाते. आपल्याकडं याच्या दुप्पट-अडीचपट पाऊस पडूनही दुष्काळ असतो, यावरून तिकडचा कोरडेपणा ध्यानात येईल.

मग १८७० च्या दशकात काही वर्षं पाऊस झकास झाला. शेतकऱ्यांनी गॉयडरला खोटं ठरवलं. नांगर जाईल तिकडं पाऊस येतो, असं लोक खरंच म्हणू लागले. सरकारनंही निर्बंध सैल केले. रेषेच्या कितीतरी वर गावं आखली गेली, गहू पेरला गेला. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दुष्काळ परतला आणि माणसं घरं टाकून निघाली. त्या दगडी घरांच्या भिंती आजही उघड्या माळावर उभ्या आहेत, धुराड्यासकट, छपराविना. मुलं एका पडक्या घरात शिरली, चूल शोधली, खिडकीतून आम्हाला हाका मारल्या. बाबा फलकावरचं मी वाचून दाखवलेलं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दोन साल पानी चांगलं झालं का मानूस फसतेच.” मला वाटतं, गॉयडरला हे वाक्य आवडलं असतं.

क्वॉर्नला दोन रात्री राहिलो. गाव छोटं, पण घान नावाच्या जुन्या रेल्वेचं महत्त्वाचं ठाणं होतं. आता तिथले हौशी लोक पिची रिची खिंडीतून वाफेचं इंजिन चालवतात आणि रात्री धान्याच्या सायलोवर चित्रांतून गोष्टी दाखवल्या जातात. आम्ही स्वेटर, शाली पांघरून बसलो. जुलैत इथं रात्री पारा शून्याजवळ जातो. कॅराव्हॅन पार्कात विजेची जोडणी असलेली जागा घेतली होती म्हणून हीटर चालला. तिथंच मी ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. शेजारच्या कॅराव्हॅनमधलं जोडपं आवाज ऐकून आलं, भाकरी आणि ठेचा खाऊन गेलं आणि मुलांना मेंढीचं पिल्लू दाखवायला घेऊन गेलं. अशी ओळख हॉटेलात होत नाही.

हॉकरला वर्षानुवर्षं खारट बोअरचं पाणी होतं. आता तिथं क्षार काढणारं यंत्र आहे. या भागात नळावर पाटी वाचल्याशिवाय पाणी भरायचं नाही. पावसाचं, बोअरचं, पिण्याचं, न पिण्याचं, असं लिहिलेलं असतं. मुलांना इंग्रजी वाचनाचा याहून चांगला पाठ मिळणार नाही. पुढं इकारा-फ्लिंडर्स रेंजेस राष्ट्रीय उद्यान. अ‍ॅडन्यमथन्हा लोकांची ही भूमी आणि उद्यानाचा कारभार सरकारबरोबर तेही बघतात. विल्पेना पाउंड म्हणजे परातीसारखा डोंगरांचा कडा. बाहेरून भिंत, आत झाडीनं भरलेली खोलगट जागा. ब्राकिना घळीत पिवळ्या पायांचे, पट्टेरी शेपटीचे वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, खडकावर ऊन खात बसलेले दिसले. ही जात नामशेष व्हायच्या बेतात होती. कोल्हे आणि मोकाट बकऱ्या आवरल्या तेव्हा सावरली. धाकट्यानं इथं जेवढा प्रश्नांचा मारा केला तेवढा वर्षभरात केला नसेल.

शाळेचं काय, असं गावाकडचे लोक विचारतात. सुट्टीत गेलो तर प्रश्नच नाही. पण इथं वर्षभर कॅराव्हॅननं फिरणारी कुटुंबं भेटतात आणि त्यांची मुलं दूरशिक्षणानं शिकतात. या देशात त्याची परंपरा जुनी आहे. पशुपालकांच्या एका घरापासून दुसरं घर शेकडो किलोमीटर दूर. तिथल्या मुलांसाठी १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून रेडिओवर शाळा सुरू झाली. कल्पना अ‍ॅडलेडच्या अ‍ॅडलेड मीथ्की या शिक्षिकेची. यंत्रणा होती विमानानं रुग्णांपर्यंत जाणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरांची आणि तिच्या मुळाशी पायानं पॅडल मारून वीज तयार करणारा रेडिओ, जो अल्फ्रेड ट्रेगर या इथल्याच माणसानं १९२९ च्या सुमारास बनवला. वस्ती विरळ आहे म्हणून शाळा बंद केली नाही, शाळाच घरी पोचवली.

फरिना ही मला सगळ्यात जवळची वाटलेली जागा. १८७८ मध्ये गव्हाच्या आशेनं वसवलेलं गाव, गॉयडर रेषेच्या फार वर. गहू कधी धड पिकला नाही. रेल्वे होती तोवर गाव तगलं. मग गावही सुटलं. आता दगडी भिंती आणि एक मोकळी छावणी. हिवाळ्यात काही आठवडे स्वयंसेवक येतात, भिंती सावरतात आणि जमिनीखालच्या जुन्या भट्टीत पाव भाजतात. आम्ही गरम पाव घेतला, उघड्यावर बसून खाल्ला. त्या विक्रीच्या पैशातून गावाची डागडुजी चालते.

मरीला उंटवाल्यांची वस्ती होती. १८६६ साली शंभराहून अधिक उंट आणि ३१ माणसं कराचीहून जहाजानं दक्षिण ऑस्ट्रेलियात आली. पुढं बलुचिस्तान, सिंध, पंजाब, अफगाणिस्तान इथून आणखी आली. सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणत, त्यावरूनच रेल्वेचं नाव घान पडलं असं सांगतात. तारेचे खांब, धान्य, लोकरीच्या गासड्या, सगळं याच उंटांनी वाहिलं. मरीत त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती आहे आणि त्यांनी लावलेली खजुराची झाडं. बायकामुलांना बरोबर आणायची मुभा त्यांना बहुधा मिळत नसे. आमच्या तालुक्यात दरवर्षी काठेवाडी मेंढपाळ उंट आणि कळप घेऊन येतात, पण सोबत पाळण्यातल्या लेकरासकट सगळं कुटुंब असतं. बाबा कबरस्तानाच्या कुंपणाशी उभे राहून म्हणाले, “लेकरं मांगं ठेवून आले बिचारे.”

कॅराव्हॅन मरीलाच ठेवून गाडीनं ऊडनडाटा रस्त्यावर पश्चिमेला गेलो. आधी काटी थंडा, म्हणजे एअर सरोवर, त्याचा दक्षिण भाग; हे सरोवर सगळ्यात खोल जागी समुद्रसपाटीपासून पंधरा मीटर खाली, क्षितिजापर्यंत पांढरं मीठ. शेकडो किलोमीटर दूर क्वीन्सलँडमध्ये पाऊस पडला की त्याचं पाणी नद्यांनी इथवर येतं, कधी कधीच. १९७४ ला ते भरभरून आलं होतं. आणि मग अजून पुढं, त्या ओसाड मिठाच्या मुलखात, बबलर नावाचा झरा. जमिनीतून पाणी आपसूक उसळतं, वाळू फिरवतं, शांत होतं, पुन्हा उसळतं. ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भूभागाखाली पसरलेल्या ग्रेट आर्टेशियन खोऱ्याचं हे तोंड. हे झरे एका ओळीत आहेत. मूळ रहिवाशांच्या वाटा या ओळीवरून गेल्या, १८७२ ची अ‍ॅडलेड-डार्विन तार त्यावरून गेली, उंट आणि जुनी घान रेल्वेही त्यावरूनच. ती तार पुढं समुद्राखालून जाऊन भारतामार्गे लंडनला जोडली होती. धाकटा झऱ्यापाशी पालथा पडून बुडबुडे बघत होता, आजोबा त्याच्याशेजारी मांडी घालून. दोघांना उठवायला मला फार वेळ लागला.

जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. टाकीशिवाय वीस लिटर पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. मोबाईलला गावाबाहेर रेंज नसते. कुठं जातोय ते कुणाला तरी सांगून निघा. पाऊस झाला की कच्चे रस्ते बंद होतात, तसे फलक लागतात, ते पाळा. दक्षिण ऑस्ट्रेलियात बाहेरून फळं आणू देत नाहीत. फळमाशीच्या भीतीनं नाक्यावर तपासणी होते, म्हणून संत्री हद्दीआधीच संपवा. सात वर्षांखालच्या मुलाला गाडीत मान्यताप्राप्त बाल-सीट सक्तीची आहे.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं झालं. लोणार, शेगाव, अंबाबरवा ही सगळी एका फेरीत बसणारी ठिकाणं आहेत. पण गाड्या आणून हे होणार नाही. ऑस्ट्रेलियात दोनशे वस्तीच्या गावातही फिरत्या माणसासाठी बहुधा काही ठरलेल्या सोयी असतात: पिण्याच्या पाण्याचा नळ, स्वच्छ संडास, सांडपाणी आणि मैला रिकामा करायची डंप पॉइंट नावाची जागा, सावलीतलं एक खेळाचं मैदान. गाव ते साफ ठेवतं आणि वाटसरूकडून बहुधा त्याचे पैसेही मागत नाही, कारण वाटसरू गावात डिझेल आणि पाव घेतो. मुलांना घेऊन फिरता येतं ते या नळामुळं आणि संडासामुळं.

आमच्या रस्त्यांवर मुलांना घेऊन फिरणारी माणसं आजही आहेत आणि ती पर्यटक नाहीत. काठेवाडी मेंढपाळ आहेत, ऊसतोडीला निघालेली कुटुंबं आहेत, शेगावला पायी जाणाऱ्या दिंड्या आहेत. संग्रामपूर, वरवट बकाल, सोनाळा, पातुर्डा इथल्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे. रस्त्याला लागून वानच्या गोड्या पाण्याचा एक नळ, बायकांसाठी कडी लागणारा स्वच्छ संडास आणि लेकरांना बसायला सावली, एवढं प्रत्येक मोठ्या गावात करा. कॅराव्हॅन नंतर येतील.